कोर्टात केस चालू असताना मोबाईल कसा वापरायचा?



आपल्या गटांमध्ये अशा बऱ्याच ताई आहेत ज्यांची कुठली ना कुठली केस कोर्टात चालू आहे. कुणाची पोटगीची, कुणाची घरगुती हिंसाचाराची, कुणाची माहेरच्या जमिनीतल्या वाट्याची, तर कुणाची शेताच्या बांधाची. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं सांगणारे गावात पुष्कळ भेटतात. पण हक्काचं कुणी सरळ हाताने देत नसेल तर पायरी चढावीच लागते. आणि एकदा चढलो की मग नीट सांभाळून चढायचं.

आपण कागद सांभाळतो. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, सातबारा, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं पिशवीत घालून तारखेला नेतो. मोबाईल मात्र सांभाळायचा राहून जातो. व्हॉट्सॲपचं स्टेटस, फेसबुकवरचा फोटो, रागाच्या भरात पाठवलेला आवाजी मेसेज, हे सगळंसुद्धा कोर्टात कागदासारखंच पुढे येऊ शकतं. म्हणून या महिन्याचा पाठ या विषयावर. गटाच्या बैठकीत एका ताईने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा.

१. मोबाईलमधलं कोर्टात चालतं का?

चालतं. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये मोबाईल, कॉम्प्युटर यांतला पुरावा कसा द्यायचा ते सांगितलं आहे. आधीच्या कायद्यातही अशी सोय होती, ते कलम ६५-ब.

एक नियम लक्षात ठेवा. मूळ मोबाईल कोर्टात हजर न करता त्यातल्या मेसेजची नुसती छापील प्रत द्यायची असेल, तर सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं, आणि तो खटला आपल्या मराठवाड्यातलाच होता. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, असा वाद होता, आणि निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा पुरावा पुढे आला होता. आताच्या कायद्यात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक भाग मोबाईल ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हे काम वकील करून घेतात. आपलं काम एवढंच की मूळ मोबाईल आणि त्यातले मूळ मेसेज जपून ठेवायचे.

हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच. नवऱ्याने पाठवलेल्या धमक्या आपल्या कामी येतात, तशी आपण दिलेली शिवी त्याच्या कामी येते.

२. एका फोटोने काय होतं?

समजा, एका ताईची पोटगीची केस चालू आहे. तिने शपथपत्रात लिहिलंय की मला काही कमाई नाही. तिचा गट पापड-कुरडया करतो. सरस प्रदर्शनात गटाला स्टॉल मिळाला. ताईने आनंदाने स्टेटस ठेवलं, "आज एका दिवसात दहा हजारांची विक्री!" खाली स्वतःचा हसरा फोटो. स्टेटस चोवीस तासांनी गेलं. पण नणंदेच्या मोबाईलमध्ये तिचा नंबर होताच. तिने स्क्रीनशॉट काढून भावाला दिला.

पुढच्या उलटतपासणीत समोरचे वकील विचारतात, "हा फोटो तुमचाच ना?" "हो." "दहा हजारांची विक्री झाली, हे तुम्हीच लिहिलं ना?" "हो." "मग कमाई नाही, हे शपथेवर खोटं सांगितलं?"

ताई तिथे गोंधळते. खरा हिशोब असा आहे: विक्री दहा हजार, त्यातून डाळ, तेल, मसाला, पॅकिंग यांचे साडेसहा हजार गेले. येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण एक हजार. राहिले अडीच हजार, आणि गटात बायका दहा. म्हणजे तिच्या वाट्याला अडीचशे रुपये. पण कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहून हे सुचत नाही. आणि "काहीच कमाई नाही" असं लिहिलेलं असल्यामुळे अडीचशेसुद्धा तिच्या विरोधात जातात. एका छोट्या गोष्टीवरून तिच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका घेतली जाते. मारहाण खरी होती, घरातून काढलं हे खरं होतं, तरीही.

मग यातून काय शिकायचं? फोटो लपवा, असं नाही. शपथपत्र खरं लिहा. नागपूरच्या एका पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. पोटगीच्या केसमध्ये नवरा आणि बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगायची, असं त्यात आहे. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की बायको काही कमावते एवढ्यावरून तिचा पोटगीचा हक्क जात नाही. ती कमाई तिला पुरेशी आहे का, हे बघितलं जातं.

म्हणजे घाबरून कमाई दडवायची गरजच नाही. गटातून महिन्याला सरासरी किती मिळतं, अंतर्गत कर्ज किती घेतलंय, बँकेच्या कर्जाचा हप्ता किती, हे वकिलांना आधीच सांगा. गटाच्या नोंदवह्या इथे उपयोगी पडतात. पंचसूत्रीतलं "नियमित लेखे" हे सूत्र आपण कंटाळत पाळतो, पण कोर्टात तीच वही सांगते की विक्री गटाची होती आणि ताईच्या वाट्याला एवढेच आले. कर्जवाटपाच्या कार्यक्रमात चेक हातात घेतलेला फोटो असला, तर वहीच दाखवते की ते कर्ज आहे, उत्पन्न नाही.

३. काय टाकायचं नाही?

केस संपेपर्यंत या गोष्टी टाळा:

*केसबद्दल काहीही.* आज कोर्टात काय झालं, वकील काय म्हणाले, समोरचा कसा खोटं बोलला, हे स्टेटसला नको. वकिलांशी झालेलं बोलणं आपल्या दोघांतच राहायला हवं. ते आपणच गावभर केलं तर समोरच्या बाजूला आपली तयारी कळते.

*न्यायाधीश आणि कोर्टाबद्दल राग.* "पैसे खाऊन निकाल दिला" असं लिहिणं न्यायालयाचा अवमान ठरू शकतं. १९७१ च्या कायद्यात यासाठी सहा महिन्यांपर्यंत साधी कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितलाय. निकाल पटला नाही तर वरच्या कोर्टात अपील करायचं. कोर्टाच्या खोलीत परवानगीशिवाय फोटो किंवा व्हिडिओसुद्धा काढायचा नाही.

*शिव्या, टोमणे, नाव न घेता मारलेले टोले.* "काही माणसं जनावरापेक्षा वाईट" असं स्टेटस ठेवलं तर गावाला कळतंच कुणाबद्दल आहे. त्यातून अब्रुनुकसानीची वेगळी केस अंगावर येऊ शकते. एका केसच्या जागी दोन केसच्या तारखा कोण करणार?

*कोर्टाचे कागद.* हिंदू विवाह कायद्याखालच्या केसेस बंद खोलीत चालतात आणि त्यातली माहिती छापायला किंवा प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे. अर्जाचा, जबाबाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

*मुलांचे फोटो.* मुलांच्या ताब्याची केस असेल तर जास्तच जपा. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव, रोजची वेळ यावरून मूल कुठे असतं ते कळतं. आणि मुलांवर लैंगिक अत्याचाराची केस असेल, तर त्या मुलाची ओळख कळेल असं काहीही पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. आपण चांगल्या भावनेने "न्याय द्या" म्हणून फॉरवर्ड केलं तरी. बलात्कार झालेल्या बाईचं नाव उघड करण्यालाही कायद्याने मनाई आहे.

*आपण कुठे आहोत ते.* हिंसाचारातून बाहेर पडून माहेरी, मावशीकडे किंवा आधारगृहात राहत असाल तर तिथले फोटो टाकू नका. लोकेशन बंद ठेवा.

*साक्षीदारांना मेसेज.* "असं सांग, तसं सांगू नको" असा मेसेज कुणालाही पाठवू नका. मनात वाईट नसलं तरी साक्षीदार फितवला असा अर्थ निघतो. शेजारची काकू आपली साक्षीदार असेल तर तिच्याशी काय बोलायचं, ते आधी वकिलांना विचारा.

४. टाकून झालंय, आता डिलीट करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर आहे, घाईने डिलीट करू नका. आधी वकिलांना दाखवा.

कारणं तीन. पहिलं, आपण डिलीट केलं तरी दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट राहतोच. मग समोरचे वकील विचारणार, "लपवण्यासारखं काही नव्हतं तर काढून का टाकलं?" दुसरं, कोर्टात द्यावा लागू नये म्हणून पुरावा मुद्दाम नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात मोबाईलमधले मेसेजसुद्धा येतात. तिसरं, भांडणाचे मेसेज पुसताना आपल्या शिवीसोबत त्याची धमकीसुद्धा पुसली जाते. आधी त्याने काय म्हटलं आणि मग आपण चिडून काय बोललो, हा क्रमच आपल्या बाजूने बोलत असतो.

पुढचं टाकणं थांबवायला मात्र कुणाला विचारायची गरज नाही. ते आजपासून थांबवा.

५. काय जपून ठेवायचं?

- धमकीचा मेसेज आला तर स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि नंबर दिसायला हवा. आपण नंबर "मुलाचे पप्पा" म्हणून सेव्ह केलेला असतो. नुसत्या नावावरून तो कुणाचा, हे सिद्ध होत नाही. म्हणून नावावर दाबून नंबर दिसतो त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या.
- स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर गोल करू नका, लिहू नका.
- आवाजी मेसेज, फोटो, व्हिडिओ मूळ जागीच राहू द्या. "डिसअपिअरिंग मेसेज" म्हणजे आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर ते बंद करा.
- व्हॉट्सॲपमध्ये "एक्सपोर्ट चॅट" म्हणून सोय आहे. त्यातून पूर्ण संभाषण एका फाईलमध्ये निघतं. ही फाईल वकिलांना द्या.
- जुना मोबाईल विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रिसेट मारू नका. स्क्रीन फुटली तरी ठेवा. मूळ पुरावा त्यातच आहे.
- एक साधी वही करा. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं. दोन ओळी पुरेत. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा सीआरपी ताईंकडून लिहून घ्या.

फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग चालतं का, असंही बऱ्याच जणी विचारतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा-बायकोचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणंसुद्धा त्यांच्यातल्या वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. याचा दुसरा अर्थ असा, की आपण फोनवर जे बोलतो तेही रेकॉर्ड होत असेल असं धरूनच बोलायचं. समोरचा मुद्दाम चिडवतोय असं वाटलं तर "जे बोलायचं ते कोर्टात बोलू" म्हणा आणि फोन ठेवा.

आणखी एक. पुरावा मिळवायचा म्हणून नवऱ्याचा पासवर्ड वापरून त्याचं खातं उघडणं, खोट्या नावाचं खातं काढून त्याच्यावर किंवा त्याच्या घरच्यांवर पाळत ठेवणं, हे करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आपणच आरोपी होऊ शकतो.

६. मोबाईलमध्ये आजच तपासायच्या पाच गोष्टी

१. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडा. अनोळखी कॉम्प्युटर किंवा मोबाईल दिसला, तर आपले मेसेज दुसरं कुणीतरी वाचतंय. आधी त्या पानाचा फोटो घ्या, मग ते काढून टाका.
२. "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" चालू करा. सहा आकडी पिन ठेवा, पण लग्नाची तारीख किंवा मुलाचा वाढदिवस नको. ते त्यालाही माहीत आहेत.
३. स्टेटस कुणाला दिसतं ते बघा. "माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट" मध्ये सासरकडची नावं टाकता येतात. पण त्यावर विसंबून राहू नका. ज्याला दिसतं तो पुढे दाखवू शकतोच.
४. फेसबुकवर दुसऱ्याने आपल्याला टॅग केलेला फोटो आपल्या परवानगीशिवाय आपल्या पानावर दिसू नये, अशी सेटिंग असते. ती चालू करा.
५. ईमेल आणि मोबाईलचा लॉक बदला. जुना मोबाईल नवऱ्याने घेऊन दिला असेल तर त्यातलं ईमेल खातं कुणाच्या नावाचं आहे, ते तपासून घ्या.

जमत नसेल तर लाजू नका. गावातल्या सीआरपी ताईंना किंवा मला बैठकीच्या दिवशी विचारा.

७. गटाची जबाबदारी काय?

केस एका ताईची असते, पण मोबाईल सगळ्यांच्या हातात असतो. म्हणून गटाने तीन ठराव करावेत.

पहिला, सदस्य ताईला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुठेही टाकायचा नाही. स्नेहभोजन असो, सहल असो की चेकवाटप. हे आम्हा कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ताई "नको" म्हणाली तर कारण विचारायचं नाही.

दुसरा, कुणाच्या केसची चर्चा गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होणार नाही. धीर द्यायचा असेल तर घरी जाऊन द्यायचा. ग्रुपवर "आम्ही तुझ्या सोबत आहोत, त्याला गावात फिरू देणार नाही" असं लिहिलं तर ते धमकी म्हणून कोर्टात दाखवलं जाईल, आणि नुकसान ताईचंच होईल.

तिसरा, ग्रुपवर वाईट पोस्ट आली तर ॲडमिन ताईने ती थांबवायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिनला नुसतं ॲडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही, तिचा त्यात हात असावा लागतो. तरी आपण गप्प बसू नये. एकदा समज द्यावी, ऐकलं नाही तर काढून टाकावं.

८. वकील परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. फोनवर माहिती हवी असेल तर १५१०० हा नंबर आहे. घरात मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा किंवा संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. कुणी खासगी फोटो पसरवायची धमकी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांत किंवा सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

बैठकीत करायचा सराव

खालचे प्रसंग वाचा आणि ताईने काय करावं ते ठरवा.

*प्रसंग १:* पोटगीची केस चालू आहे. बहिणीच्या लग्नात ताईने मावशीचा हार घातला आणि फोटोग्राफरने फोटो फेसबुकवर टाकला.
(चर्चेसाठी: फोटोग्राफरला रागावून काढायला लावायचं, की आधी वकिलांना सांगायचं? हार मावशीचा आहे हे कोण सांगू शकेल?)

*प्रसंग २:* रात्री अकराला नवऱ्याने घाणेरडा मेसेज पाठवला आणि पाच मिनिटांत "डिलीट फॉर एव्हरीवन" केला. ताईने तो वाचला होता.
(चर्चेसाठी: मेसेज गेला, पण "हा मेसेज डिलीट केला गेला" ही ओळ वेळेसह उरते. तिचं काय करायचं? वहीत काय लिहायचं?)

*प्रसंग ३:* चुलत्यांशी जमिनीची केस आहे. गावच्या ग्रुपवर चुलतभावाने लिहिलं, "बायकांना जमीन कशाला?" ताईचा मुलगा चिडून उत्तर लिहायला बसलाय.
(चर्चेसाठी: मुलाला काय सांगायचं? केसमध्ये ताईचं नाव आहे, पण मोबाईल मुलाचा आहे. यामुळे काही फरक पडतो का?)

चर्चा झाली की उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला आले की आपण ती मिळून तपासू. ज्या ताईची केस चालू आहे तिने सगळ्यांसमोर बोलायची सक्ती नाही. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं तरी चालेल. येताना मोबाईल चार्ज करून आणा, म्हणजे सेटिंग तिथेच बघता येतील.

तुमची,
क्षेत्रीय समन्वयक